काचेवर निळा पांढरा पडतो

फोटो काढायला अर्धा तास लागणं ही आता चैन झाली आहे. ज्याच्या खिशात मोबाईल आहे तो चहा पिता पिता वीस फोटो काढतो आणि विसरतो. त्याच शहरात दहा-वीस माणसं अशी आहेत की जी लाकडाचा पेटीएवढा कॅमेरा स्टँडवर चढवतात, डोक्यावर काळं फडकं घेतात, मागच्या घासलेल्या काचेवर उलटा दिसणारा माणूस नीट न्याहाळतात आणि मग एक, फक्त एक फोटो काढतात. निगेटिव्ह वहीच्या पानाएवढी. ती छापायची, तीही दुकानात नाही. कागदाला मीठ लावायचं, वर चांदीचं पाणी फिरवायचं. नाहीतर अंड्याचा पांढरा बलक, नाहीतर डिंक, नाहीतर लोखंडाचा क्षार. उन्हात ठेवायचं, पाण्यात धुवायचं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी फोटो जसे बनायचे तसे. याला ते 'पर्यायी प्रक्रिया' म्हणतात. गोव्यात, बंगळूरला, शांतिनिकेतनला, दिल्लीला, आपल्या मुंबईत ही मंडळी शिबिरं घेतात, एकमेकांना रसायनं उसनी देतात, प्रदर्शनं भरवतात.

आपल्या पोरांनी या कामाकडं ढुंकून पाहिलेलं नाही. 'शौकिनांचे धंदे' म्हणून सोडून दिलं. दोस्तहो, मला हे पटत नाही. कवितेवर आपण भांडलो, नाटकावर भांडलो, आत्मकथनाला साहित्य म्हणायचं की नाही यावर भांडलो. मग या काचांवर का नाही? शाळेच्या पुस्तकात फोटोला छायाचित्र म्हणतात. छाया म्हणजे सावली. पेशवाईत आपली सावली अंगावर पडली तरी विटाळ होत होता. ती सावली आता कोण धरतो, कशी धरतो, तिच्याखाली काय लिहितो आणि धरलेली सावली कोणाच्या घरी नेतो, हा सवाल आपला नाही तर कोणाचा?

पर्यायी हा शब्दही आपल्याला परका नाही. हा अंकच बघा. स्टेन्सिल कापताना 'ळ'चं पोट फाटतं, शाई बोटांना लागते, उलट्या बाजूला मजकूर उमटतो. हे आपण हातानं करतो कारण छापखान्याचं बिल झेपत नाही. ते हातानं करतात कारण त्यांना हातानं करायचं आहे. हातानं केलेल्या कामाला मी कमी लेखणार नाही, मी हातावरच जगतो. पण फरक नोंदवून ठेवतो. आपण दोनशे प्रती काढतो आणि एकानं वाचून दुसऱ्याला द्यावी म्हणतो. ते पाच काढतात आणि खाली पेन्सिलीनं लिहितात, १/५. सहावी निघाली तर पहिल्या पाचांची किंमत पडते.

मागच्या वर्षी एका गॅलरीतल्या अशा शिबिराला एका दोस्तानं मला नेलं. फी भरणं शक्य नव्हतं. खुर्च्या लावायच्या, पाणी भरायचं या बोलीवर आत घेतलं. शिकवणारे गृहस्थ भले होते. म्हणाले, जग फार वेगानं चाललं आहे, हा कॅमेरा आपल्याला हळू व्हायला शिकवतो. मी तिसऱ्या पाळीतून सरळ तिथं गेलो होतो. आमच्या रिंग खात्यात धागा तुटला की पळायचं. साचा आपल्यासाठी थांबत नाही, आपणच त्याच्या मापानं पाय उचलायचे. हळू व्हायचं तर पगार कापून व्हावं लागतं. पण असो, माणूस भला होता.

भिंतीवर प्रदर्शन होतं. त्यात एका सफाईवाल्या बाईंचा फोटो. मी खोटं बोलणार नाही, फोटो जबरदस्त होता. कपाळाची एकेक सुरकुती, पदराच्या काठाचा उसवलेला दोरा, मुठीतला झाडू. डोळे असे की आपण नजर वळवली तरी त्या बघत राहतात. खाली चिठ्ठी: 'कामगार, क्रमांक ४'. मी विचारलं, बाईंचं नाव काय? उत्तर आलं, नाव दिलं की बघणारा अडकतो; चेहरा वैश्विक राहिला पाहिजे. बरं. शेजारच्या भिंतीवर एका सतारियाचा फोटो होता. त्याच्या खाली पूर्ण नाव होतं, पंडित लावून. त्या नावाला कोणी अडकत नव्हतं.

हा 'वैश्विक' शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपली कविता आली तेव्हा हाच शब्द काठीसारखा पुढं केला होता. म्हणाले, आक्रोश आहे, पण वैश्विक नाही. आता आपला चेहरा वैश्विक झाला, फक्त नाव गेलं.

ही तऱ्हा त्या एका फोटोवाल्याची नाही. ती या प्रक्रियेबरोबरच आलेली आहे, आणि म्हणून प्रक्रिया आधी समजून घेऊ. या मंडळींची लाडकी पद्धत म्हणजे ओल्या काचेची, कलोडियनची. १८५१ साली लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या शिल्पकारानं ती जाहीर केली. पेटंट घेतलं नाही. १८५७ साली तो मेला तेव्हा घरात पैसा नव्हता, आणि त्याच्या पद्धतीवर स्टुडिओवाले जगभर कमावत होते. हे कलोडियन म्हणजे काय? आपला कापूस. कापसाला नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडात मुरवायचं, तो इतका ज्वालाग्राही होतो की बंदुकीची दारू म्हणून चालतो. तो इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की काकवीसारखा दाट रस होतो. काच हातात तोलून त्यावर हा रस ओतायचा, चारी कोपऱ्यांत फिरवायचा, जास्तीचा परत बाटलीत. मग चांदीच्या द्रावणात बुडवायची. ओली आहे तोवर, म्हंजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवायचा. वाळली की मेली. जुने लोक शेवटी पोटॅशियम सायनाइडनं साफ करायचे, काहीजण अजून करतात. एक चूक आणि माणूस आडवा. मी ते हात बघितले. चांदीनं काळी पडलेली बोटं आणि बाटलीतला तो रस बघून मला ब्लोरूममधला कापूस आठवला. तेवढा वेळ ही माणसं मला कामगारच वाटली.

आता रंगाचं. ही ओली काच निळा उजेड तेवढा बघते, आणि डोळ्याला न दिसणारा अतिनील. लाल, पिवळं, तपकिरी तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळं आभाळ पांढरंफटक येतं. हळद काळी येते. कुंकू काळं येतं. उन्हात राबून तांबूस-तपकिरी झालेली कातडी आहे त्याहून कितीतरी काळी येते, आणि तिच्यावरचा प्रत्येक डाग, प्रत्येक वण उठून दिसतो. निळा झेंडा या काचेसमोर धरला तर तो फिकट, पांढरट पडतो. भगवा काळा पडतो. (हिशेब फिटला म्हणून हसू नका, लालही काळाच पडतो.) शिवाय या काचेवर किंवा काळ्या पत्र्यावर सरळ काढलेला फोटो आरशासारखा उलटा येतो. छातीवर जय भीम लिहिलेलं असेल तर ते उलटं वाचावं लागतं.

हे मी रसायनाची गंमत म्हणून सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या माणसांचे जे फोटो निघाले ते याच काचांवर निघाले. त्या फोटोंत आपले लोक जे काळेकुट्ट, खरबरीत, रागीट दिसतात त्यात काही वाटा रसायनाचा आहे, काही उन्हात हलायचं नाही म्हणून आवळून धरलेल्या जबड्याचा. आज कोणी ती पद्धत हौसेनं वापरून सफाईवाल्या बाईंचा फोटो काढतो आणि 'काय पोत आहे कातडीला' म्हणतो, तेव्हा त्यानं तो पोत बाईंच्या अंगावरून आणलेला नसतो, बाटलीतून आणलेला असतो. हे माहीत असून करणं वेगळं आणि माहीत नसून करणं वेगळं. मला तिथं दुसरी जात जास्त दिसली.

ही मंडळी म्हणतात, आम्ही मागं चाललो आहोत, उगमाकडं. चला, उगमाकडं जाऊ. उगम इथंच आहे. १८५४ साली मुंबईत फोटोवाल्यांची सोसायटी निघाली, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी. देशातली पहिली. आजच्या या मंडळींसारखीच ती होती: एकत्र जमायचं, प्रिंट दाखवायच्या, रसायनावर चर्चा करायची. गोरे अधिकारी, व्यापारी, आणि आपले काही शिकलेले लोकही. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. म्हणजे फोटो ही साहेबाचीच मक्तेदारी होती असं नाही. कॅमेऱ्यामागं आपल्याकडचे उच्चवर्णीय पहिल्या दिवसापासून उभे आहेत. आपण पुढं.

याच सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक विल्यम जॉन्सन. मुंबईत सरकारी कारकून म्हणून आला आणि स्टुडिओवाला झाला. त्यानं १८६३ आणि १८६६ साली लंडनहून दोन खंड काढले: 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींचे फोटो. फोटोखाली जातीचं नाव, धंद्याचं नाव. बसलेल्या माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. आणि आणखी एक करामत. माणसांचे फोटो एका जागी काढायचे, मग आकृत्या कापून दुसऱ्याच देखाव्याच्या फोटोवर चिकटवायच्या आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. म्हणजे पानात ती माणसं जिथं उभी दिसतात तिथं ती कधी उभीच नव्हती. कात्रीनं कापून जागा ठरवली. जात म्हणजे तरी दुसरं काय असतं!

पुढं सरकारनंच हे काम हातात घेतलं. १८५७ चा उठाव होऊन गेला होता, कोण कुठला आणि किती विश्वासाचा हे सरकारला पाहिजे होतं. १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. तिथंही माणूस म्हणजे नमुना. 'कामगार, क्रमांक ४'चे आजे-पणजे या खंडांत बसले आहेत.

आता त्याच वर्षांत दुसरीकडं काय चाललं होतं ते बघा. १८५५ साली, म्हणजे एल्फिन्स्टनमध्ये फोटोचा वर्ग सुरू झाला त्याच साली, पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मांगाच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुक्ता साळवे. तिचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण ती कोणाचा नमुना म्हणून बसली नव्हती. बोरू तिच्या हातात होता. अल्बममधल्या बायांच्या हातात कॅमेरा नव्हता. मी समीक्षा-बिमीक्षा शिकलेला नाही. पण कोणी मला विचारलं की या कलेचं सौंदर्यशास्त्र कुठून सुरू करायचं, तर मी म्हणेन की १८५५ च्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून सुरू करा.

तिकडं कलकत्त्यातही १८५६ ला अशीच सोसायटी निघाली, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल. राजेंद्रलाल मित्र तिचे पदाधिकारी होते. १८५७ साली त्यांनी गोऱ्या निळवाल्या मळेवाल्यांविरुद्ध, नीळ पिकवणाऱ्या रयतेच्या बाजूनं भाषण केलं. सोसायटीनं त्यांना काढलं. रसायनाच्या चर्चेत राजकारण आणू नका असं आज जे आपल्याला शिबिरात सांगतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं. राजकारण त्या अंधाऱ्या खोलीत आपल्या आधीपासून आहे.

'एकच प्रत' या गोष्टीचं या मंडळींना फार प्रेम आहे. काचेवरची, पत्र्यावरची, चांदीच्या ताटलीवरची प्रतिमा एकच असते, तिची नक्कल नाही. म्हणून ती पवित्र. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात १८५० साली जोसेफ झीली नावाच्या फोटोवाल्यानं चांदीच्या ताटल्यांवर गुलामांचे फोटो काढले. काढवून घेणारा हार्वर्डचा मोठा शास्त्रज्ञ लुई आगासिझ. गोरे आणि काळे यांचा उगमच वेगळा, हे त्याला सिद्ध करायचं होतं. रेंटी नावाचा म्हातारा आणि त्याची मुलगी डेलिया, कपडे उतरवून बसवलेली. १९७६ साली या ताटल्या हार्वर्डच्या म्युझियमच्या माळ्यावर सापडल्या. २०१९ साली तमारा लॅनियर या बाईंनी, आपण रेंटीच्या वंशातल्या आहोत म्हणून, विद्यापीठावर दावा लावला: माझ्या पणज्याला सोडा. आणि २०२५ साली तडजोड होऊन विद्यापीठानं त्या ताटल्या सोडायचं कबूल केलं. त्या साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमकडं जायच्या ठरल्या. पावणेदोनशे वर्षं माणूस मालकाच्या ताब्यात होता. गुलामी कायद्यानं संपली तरी ताटली सुटली नव्हती. एकच प्रत असली की जो ती धरून बसतो तो मालक.

म्हणजे जुनी पद्धत टाकून द्यायची का? मी तसं म्हणत नाही. १९७२ साली पँथर निघाली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. तिकडच्या पोळलेल्यांकडं बघायची आपल्याला सवय आहे. मात्र तिथल्या मूळ रहिवाशांकडं, ज्यांना रेड इंडियन म्हणून हिणवलं, आपण कमी बघितलं. त्यांच्यावरही असाच एक अल्बम निघाला होता. एडवर्ड कर्टिस, १९०७ ते १९३०, वीस खंड, पैसा सुरुवातीला जे. पी. मॉर्गन या बँकवाल्याचा. कर्टिसनं बऱ्याच जणांची नावं दिली, हे त्याच्या पदरात घालू. पण त्याला 'लोप पावणारी जमात' दाखवायची होती. एका फोटोत तंबूत दोन माणसं बसली आहेत, त्यांच्या मधे घड्याळ आहे. छापताना घड्याळ पुसून टाकलं. आदिवासीला घड्याळ कशाला?

न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे गावचा विल विल्सन हा नव्हाहो, म्हणजे त्यांच्या भाषेत दिने, जमातीचा फोटोवाला. त्यानं २०१२ साली तिथल्या म्युझियममध्ये तोच मोठा कॅमेरा, तीच ओली पद्धत घेऊन बैठक मांडली. मूळ रहिवाशांना बोलावलं. तुम्हाला पाहिजे तसे या, पाहिजे ती वस्तू हातात घेऊन बसा. समोरच पत्रा धुवायचा, वर येणारा चेहरा बसणाऱ्यानं स्वतः बघायचा. आणि तो पत्रा, ती एकच प्रत, बसणाऱ्याला देऊन टाकायची. विल्सन स्वतःकडं ठेवतो ती स्कॅन केलेली नक्कल, तीही परवानगीनं. या कामाला त्यानं नावच 'एक्स्चेंज' ठेवलं आहे, देवघेव.

माझ्या मते या सगळ्या पुनरुज्जीवनात एवढं एक काम असं आहे की ज्यानं प्रक्रियेलाच प्रश्न विचारला. रसायन तेच, काळपटपणा तोच, उलटेपणा तोच. बदललं काय? मालकी. पत्रा घरी जातो. आजीच्या ट्रंकेत राहतो. तरी एक खोच काढतो. नक्कल त्याच्याकडं राहते, तिचे मोठे प्रिंट होतात, म्युझियमं विकत घेतात. चेहरा सगळ्या जमातीचा आणि सही एकाची. देवघेव म्हणायची तर हिशेबाची वही उघडी पाहिजे. आणि म्युझियमच्या पायऱ्या चढून कोण येतं, पाळी बुडवून कोण येऊ शकतं, हाही प्रश्न आहेच. पण हे भांडण घरातलं आहे. 'कामगार, क्रमांक ४'शी माझं भांडण घरातलं नाही.

लंडनच्या खदिजा सये या पोरीचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आईबाप गांबियाचे, ही कामगार वस्तीतल्या ग्रेनफेल टॉवर नावाच्या चोवीस मजली इमारतीत राहायची. तिनं याच ओल्या पद्धतीनं पत्र्यांवर फोटो काढले, स्वतःचेच; आपल्या लोकांचे ताईत, पूजेच्या वस्तू घेऊन बसलेली. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीच. २०१७ साली त्यातले काही पत्रे व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागले. ते तिथं लागलेले असतानाच १४ जूनच्या रात्री इमारत पेटली. बाहेरून लावलेला पत्रा-थरच पेटणारा होता. ७२ माणसं गेली. खदिजा गेली, तिची आई गेली. वय २४. घरातले पत्रे जळाले. आधी स्कॅन करून ठेवले होते म्हणून त्यांवरून पुढं छापे काढता आले. एकच प्रतीचं कौतुक करणाऱ्यांनी हे सांगावं: त्या रात्री तिचं काम कशानं वाचवलं?

आपल्याकडं सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं धरून केलं, ते लहान कॅमेऱ्यानं. गटारीच्या तोंडाशी स्टँड मांडून काळं फडकं पांघरता येत नाही. तिथं खाली उतरणाऱ्याबरोबर वाकावं लागतं. मोठ्या कॅमेऱ्याला माणूस आपल्याकडं आणावा लागतो, बसवावा लागतो, 'हलू नका' म्हणावं लागतं. आपल्या लोकांना 'हलू नका' म्हणणारे आधीच पुष्कळ आहेत.

एक गोष्ट राहिली, हाडांची. या मंडळींतले बरेच जण काचेऐवजी फिल्मचा मोठा ताव वापरतात, ८ बाय १० इंचाचा. एका तावात माझी एक हजेरी जाते. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरानं कलोडियनऐवजी जिलेटिन वापरलं, तेव्हापासून फिल्म आणि काळेपांढरे कागद जिलेटिनवर चालतात. जिलेटिन कशाचं? गुरांच्या हाडांचं आणि कातड्याचं. कोडॅकच्या शेपर्ड नावाच्या रसायनवाल्यानं १९२० च्या दशकात शोधून काढलं की काही जिलेटिनवर फोटो जास्त चांगले उठतात ते जनावरानं खाल्लेल्या मोहरीतल्या गंधकामुळं. म्हणजे जनावर काय चरलं इथपर्यंत त्यांनी शोध घेतला. ते जनावर मेल्यावर ओढलं कोणी, सोललं कोणी, हाडं वेचली कोणी, इथपर्यंत शोध आला नाही. आपल्याकडं या कामाच्या बदल्यात जी जमीन तोंडावर फेकली तिचं नावच हाडकी हाडोळा. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना तालुक्यातल्या पोरांना मेलेली गाय सोलली म्हणून गाडीला बांधून मारलं. आणि गॅलरीत प्रिंटखाली ऐटीत लिहिलेलं असतं, 'सिल्व्हर जिलेटिन प्रिंट'. चांदीचं नाव आहे, हाडाचंही नाव आहे, कितीही इंग्रजीत असलं तरी. पुढचं नाव लिहायला चिठ्ठीवर जागा होती.

च्यायला, मग आपण काय करायचं? मला यातली एक पद्धत आपल्या कामाची वाटते, सायनोटाइप. १८४२ साली जॉन हर्शेलनं काढलेली. हिला चांदी नको, हाड नको, अंधारी खोलीही नको. गिरणीच्या, इमारतीच्या आराखड्यांना ब्ल्यू प्रिंट म्हणायचे ती हीच. इंजिनिअर साहेबांच्या टेबलावर कैक वर्षं होती, कोणी तिला कला म्हटलं नाही. रंग निळा, गडद. लोखंडाचा निळा.

दोन पुड्या लागतात. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात एका बाटलीत. पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिली पाण्यात दुसऱ्या बाटलीत. (नावात सायनाइड असलं तरी हे त्या जुन्या सायनाइडइतकं जहाल नाही; पण ॲसिडजवळ नेऊ नका, जेवणाच्या भांड्यात कालवू नका.) वापरायच्या वेळी सम प्रमाणात मिसळून ट्यूबलाइटपासून लांब, मंद पिवळ्या दिव्याखाली जाड कागदावर किंवा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटावर ब्रशनं लावायचं, अंधारात वाळवायचं. वर निगेटिव्ह, वर काच, आणि दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं. मग साध्या पाण्यात पिवळं जाईपर्यंत धुवायचं. निगेटिव्हला मोठा कॅमेरा लागत नाही. मोबाईलवरचा फोटो उलट्या रंगात करून झेरॉक्सवाल्याकडं पारदर्शक कागदावर काढून घ्या. ताव मोठा पाहिजे तर चार तुकडे जोडा, जोड दिसला तर दिसू दे.

माझा प्रस्ताव असा. आपल्या घराघरांत आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला एखादा फोटो आहे. लग्नातला, गिरणीच्या गेटवरचा, दीक्षाभूमीला गेले होते तेव्हाचा. तो आणा. फोटोच्या पाठीवर आधी पेन्सिलीनं नाव, गाव, काम लिहा; पेननं नको, शाई पुढं उमटते. मग तो मांजरपाटावर निळा छापू, नावासकट. नाव निगेटिव्हमध्येच घालायचं म्हणजे नंतर कोणाला चिठ्ठी काढता येणार नाही. एक प्रत घरी, एक समाजमंदिरात, बाकी ज्याला पाहिजे त्याला. आकडा घालायचा नाही. पुड्यांची वर्गणी माणशी किती पडते ते मी रसायनवाल्याकडं विचारून ठेवतो. कापड मळलं तर नुसत्या पाण्यातून काढायचं. साबण आणि धुण्याचा सोडा लावायचा नाही, सोड्यानं हा निळा उडतो.